शून्य अपघातांची साइट

आयर्लंडमधल्या कॉर्कला एका औषध कारखान्याचं बांधकाम चालू होतं, तिथला सुरक्षेचा डॅशबोर्ड माझ्याकडे होता. कित्येक महिने अपघातांची नोंद शून्य. म्हटलं, जाऊन बघू तरी. गेलो, आणि ओल्या फळीवरून घसरून सपशेल आपटलो. फोरमन डेक्लननं हात देऊन उठवलं.

"ग्रँड आहेस ना?" तिकडे 'ग्रँड' म्हणजे नुसतं ठीक.

"हो, ग्रँड."

"मग काही झालंच नाही."

तेव्हा कळलं शून्य कुठून येतं ते. गुडघा टम्म सुजलेला. तसाच लंगडत ऑफिसात गेलो, स्वतःच्या अपघाताचा फॉर्म भरला आणि कामगारांनाही सांगितलं, बिनधास्त भरा, कुणी रागावणार नाही. आठवड्याभरात नोंदींचा ढीग लागला. मी खूश, निदान खरं दिसायला लागलं.

मग मॅनेजरनं बोलावलं. ग्राफकडे बघत गंभीरपणे म्हणाला, "तू मोजायला लागल्यापासून साइट फार धोकादायक झाली आहे."