वर पोचल्यावर सांगू

बुरुल : काका, दादा खाली बुटाची नाडी बांधतोय तोवर ऐका. मी सांगून टाकते त्याला. बाबा गेल्याचं पोटात ठेवून हा चढ माझ्याच्यानं होत नाही.

तोकतोसून : वाटेत सांगत नाहीत, पोरी. वर झाडी संपल्यावर आपल्या युर्तीपाशी, तंबूच्या दारात, वडीलधाऱ्यांच्या तोंडून कळायला हवं. माणूस कोसळला तर धरायला चार हात लागतात. इथं काय झाडं धरणार?

बुरुल : मी आहे ना.

तोकतोसून : तू त्याच्याआधी पडशील. गप, आला.

सागिन : आईला बरं नाही म्हणून मॉस्कोहून धावत बोलावलंत, आणि चालताय असे की वरातीला निघालोय.

तोकतोसून : गुडघे रे बाबा माझे.

सागिन : मग घोडे का नाही आणले? बाबांना तेवढंही सुचू नये? बर्फ वितळलं की चालले आपले मेंढ्या घेऊन वरच्या त्या खोऱ्यात. बाकीच्यांनी तंगडतोड करावी. आईला खाली शहरात ठेवा म्हणून घसा फुटला माझा. ऐकतंय कोण?

बुरुल : दादा, पुरे.

सागिन : का पुरे? आज तोंडावर सांगणार आहे. म्हणावं, मेंढीला खोकला झाला तर तीन रात्री जागता, आणि बायकोला...

बुरुल : पुरे म्हणते ना. मागाहून तुलाच सलेल.

तोकतोसून : बुरुल, त्याला पाणी दे.

सागिन : पाणी नकोय. हट्टी म्हातारा. सगळ्या घरादाराला त्या थंडीत नेऊन...

बुरुल : काका, आता मला राहवत नाही. सागिनदादा, ऐक...

सागिन : नको सांगूस.

(तिघंही वाटेत थांबतात.)

सागिन : बाबांना कोणी एक शब्द बोललं तर तू अंगावर धावून यायचीस, बुरुल. आज सकाळपासून मी इतकं बोलतोय, आणि तू नुसती ‘पुरे’ म्हणतेस.

तोकतोसून : म्हणजे तुला...

सागिन : गाडीतून उतरलो, तुमची तोंडं पाहिली, तेव्हाच कळलं, काका. वर गेलो की रडायचंच आहे. तोवर भांडू दे की मला त्यांच्याशी.

तोकतोसून : अरे पोरा...

बुरुल : भांड, दादा. झाडी संपायला अजून वेळ आहे.