खांबवाल्या बाईंचा बयाणा

बाबा : बाई, बयाणा परत होत नाही. पुढचे या.

आई : पुढचं कोणी नाही. मी एकटीच आहे.

बाबा : मग मागचे या.

लेक : बाबा, जुन्या गाड्या विकणारा माणूस असा बोलणार नाही. तो गोड बोलेल. तुम्ही परत पाणीपुरवठा कचेरीतले झालात.

बाबा : मी भूमिकेत आहे, मध्ये बोलू नकोस. आणि टेबलावरची ती इस्त्री उचल. इस्त्री असली की खिडकीसारखं वाटत नाही.

आई : हे बघा दुकानदार, तुम्ही नेटवर जाहिरात टाकलीत. 'एकच मालक, महिलेने वापरलेली, अपघात नाही.' फोटो बघून मी घरबसल्या बयाणा भरला. काल येऊन बघते, तर ती ड्रायव्हिंग स्कूलची गाडी.

बाबा : ड्रायव्हिंग स्कूलला मालक किती?

आई : एक.

बाबा : शिकायला महिला यायच्या?

आई : यायच्या.

बाबा : मग जाहिरात चुकली कुठे? उलट आम्ही 'महिलांनी' असं लिहायला हवं होतं, कमीच लिहिलं. बरं, उरलेली रक्कम कधी भरताय?

आई : पुढच्या महिन्यात भरली तर चालेल?

लेक : आई, तू पैसे परत मागायला आली आहेस.

आई : हो गं, पण हे इतकं ठाम बोलतात की मलाच वाटतं, माझंच काहीतरी भरायचं राहिलंय.

लेक : अख्खा जन्म 'अनामत परत' असं लिहिलेल्या खिडकीमागे गेला तुमचा, बाबा. एकाला तरी परत दिलीत का?

बाबा : ते खिडकीचं नाव होतं. कामाचं स्वरूप वेगळं होतं. लोक अनामत मागायला यायचे आणि थकबाकी भरून जायचे. साहेब दुसऱ्या खात्यांतल्या माणसांना शिकायला आणून लांबून माझं काम दाखवायचे.

आई : म्हणून तर यांच्यासमोर सराव करतेय. खरा दुकानदार यांच्याहून अवघड नसणार.

बाबा : नसेलच. पण गाफील राहू नये.

लेक : मग मुद्द्याचं बोल ना. 'अपघात नाही' ही शुद्ध थाप आहे. मागचं डावं दार ठोकून सरळ केलंय, वरून रंग मारलाय. तुला तर हात लावताच कळलं.

आई : तो मुद्दा नको.

लेक : तोच तर मुद्दा आहे.

आई : आणि त्याने विचारलं, अपघात झाला हे कशावरून, तर काय सांगू? मीच केला म्हणून?

बाबा : ते मात्र खरं आहे. गाडीची आणि तुझी ओळख जुनी.

आई : पांढरीची निळी केली त्याने, मग फोटोत कशी ओळखणार? आत बसले, तिसरा गिअर नेहमीसारखा अडला, तेव्हा कळलं. जिच्यावर शिकले, जिने तो कोपऱ्यावरचा खांब पाडला, तीच गाडी.

लेक : पाडला नाहीस, वाकवलास.

आई : नेटवर शेकडो गाड्या होत्या. त्यातून मी हीच निवडली.

बाबा : माणसाची आवड बदलत नाही.

आई : हसू नका. तीनदा नापास झाले तेव्हा कुठे चौथ्यांदा लायसन्स मिळालं मला. पडदे शिवून शिवून साठवलेले पैसे ते. कोणाला न विचारता या घरात आणणार होते अशी पहिली वस्तू. आणि आता चारचौघांत जाऊन सांगू, अहो, खांबाला धडकली ती बाई मीच? त्यापेक्षा गेले पैसे तर गेले.

बाबा : जाणार नाहीत.

आई : तुमचे नाहीत ते.

बाबा : म्हणूनच. माझे असते तर कधीच सोडून दिले असते. इकडे ये, खिडकीच्या आतली गोष्ट सांगतो. कागद घेऊन येणाऱ्याला आम्ही भीत नसू, त्याला आणखी एक कागद सांगता येतो. आरडाओरडा करणाऱ्यालाही नाही, त्याला पाणी देता येतं. पण एकदा एक म्हातारबा आला. भर रांगेत म्हणाला, मीटर मी स्वतः उलटा बसवला होता, तुमचा माणूस दर महिन्याला येऊन उलटं डोकं करून वाचून जायचा, तो काय वाचत होता ते मला सांगा. आता अशा माणसाला काय सांगणार? लाज घरी ठेवून आलेल्या माणसासाठी आमच्याकडे उत्तर नसे.

लेक : म्हणजे त्याला परत दिलीत.

बाबा : माझ्या नोकरीवरचा तेवढा एकच डाग आहे. तो विषय नको.

आई : बसा नीट. पुन्हा पहिल्यापासून.

बाबा : बाई, बयाणा परत होत—

आई : ते दार मी ठोकलंय.

बाबा : अं?

आई : मी. त्याच गाडीने, दिवसाढवळ्या. तुम्ही लिहिलंत अपघात नाही. अपघात तुमच्यासमोर उभा आहे, त्याच्याशी बोला.

बाबा : साहेब जेवायला गेलेत.

लेक : बाबा हरले.

बाबा : हरलो नाही, साहेब येईपर्यंत थांबायला सांगतोय. उद्या जा तू. आणि एकटी जा. आम्ही आलो तर तो माझ्याशीच बोलत बसेल.

(दुसऱ्या दिवशीची दुपार. आई बाहेरून येते, दारात चपला काढते.)

लेक : मिळाले?

बाबा : आधी तिला बसू दे, पाणी घेऊ दे. मिळाले?

आई : मिळाले. मी तिथे उभी असतानाच खात्यात आले.

बाबा : किती वेळ टिकला?

आई : दुकानदार? समोरचा चहा निवायच्या आत गेला.

बाबा : हल्ली लोक मेहनत घेत नाहीत.

आई : सुरुवात बरी केली होती त्याने. ताई, बसा, चहा घ्या. तुम्ही मला बहिणीसारख्या, म्हणून सांगतो, बयाणा देवालासुद्धा परत मिळत नाही. मग मी त्याला गाडीपाशी नेलं, डाव्या सीटपुढची मॅट उचलली. खाली दोन भोकं. शिकवणाऱ्या सरांचा ब्रेक आणि क्लच असतो ना, तिथली. म्हटलं, हे काय? तर म्हणाला, पायाला वारा लागावा म्हणून.

बाबा : हे मलाही सुचलं नसतं.

आई : शेजारच्या गाडीपाशी एक जोडपं उभं होतं, पैसे द्यायच्या बेतात. तो त्यांच्याकडे बघून हसला. मला तुमचा म्हातारबा आठवला. मोठ्याने म्हटलं, अपघात मी केलाय. तर विश्वास ठेवेना. म्हणाला, ताई, पैशांसाठी माणसं खोटं बोलतात, पण इतकं? काय करणार? स्कूलच्या सरांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. नाव सांगितलं, ओळखेनात. म्हटलं, सर, खांब.

लेक : मग?

आई : 'अरे, खांबवाल्या बाई, कशा आहात?' आणि न विचारता गाडीचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. कुठलं दार, तेही. वर म्हणाले, नवीन पोरांना आम्ही पहिल्या दिवशी तो खांब दाखवून आणतो. जोडप्यातल्या माणसाने पाकीट हळूच खिशात ठेवलं. दुकानदार म्हणाला, ताई, फोन बंद करा, पैसे पाठवतो.

लेक : लाज वाटली?

आई : वाटली की. कान तापले होते. मग त्यातली बायको म्हणाली, अहो, पण खांब वाकतो कसा? तेव्हा जरा बरं वाटलं. सविस्तर सांगितलं तिला. वेग थोडा वाढवून सांगितला असेन. निघताना ती म्हणाली, आमची गाडी ठरली की बघायला याल का? म्हटलं, येईन, पण बाहेरून बघणार नाही, चालवून बघेन.

लेक : आणि आपली गाडी?

आई : घेणार ना. पण या वेळी आधी मी आत बसणार, मग पैसे.

लेक : बाबा, फोन वाजतोय तुमचा. काकांचा आहे.

बाबा : हॅलो. हो दादा, मिळाले. सगळे. नाही, पोलीस कशाला? वकीलही नाही. तिनेच. हो, एकटी. मी कुठे गेलो होतो? घरी होतो. मी गेलो असतो ना दादा, तर नसते मिळाले.