सालीखालचा बोरोस

नको मोर्ता मावशी, सूप राहू द्या — आधी या बाटलीतला किडा बघा. काळसर, चपटा, नखाएवढा. मिशांच्या टोकाचे तीन मणी जाडसर दिसतात ना, त्यावरून ओळखायचं. बोरोसच हा. जगात याचं घराणंच केवढं, बोटांवर मोजण्याइतकं, आणि आपल्या लिथुआनियात हा एकटाच — तोही वठलेल्या पाइनच्या सालीखाली. हा सापडला की झाडाला सरकार हात लावू देत नाही, म्हणूनच तर बोलावलंत मला. तुमच्या केस्तासला आता म्हणावं, करवत ठेव खाली, तुझ्या बापाने मधमाश्यांच्या पोळ्यासाठी ढोली कोरलेलं झाड आहे हे — हो, म्हणजे, असं म्हणता आलं असतं.

सांगतो ना. शिडी तुम्हीच दिलीत. हातभर साल काढली नि अळी दिसली — पिवळट, शेपटीला दोन आकडे. ओळख तिथेच पटली होती, मावशी. तिथेच थांबायचं. पण अळी काय कुणीही दाखवतं, मला पूर्ण वाढलेला किडा हवा होता — माझ्या पेटीत, टाचणीवर, खाली माझं नाव. मग थोडी अजून काढली, मग जरा वरची. सुकी साल ती, सुटायला लागली की हाताला चटकच लागते. हा मिळाला तेव्हा खाली बघतोय तर पायाशी हा ढीग. थोडी नाही हो, सगळी. खिडकीशी नका जाऊ. नुसता नागडा खांब उभा आहे. अळ्या पाखरांनी टिपल्या, माझ्या देखत.

अहवाल लिहीन ना, किडा सापडला म्हणून लिहीन, खोटं कुठे आहे ते? पण वनखात्याचा माणूस येऊन बघणारच. साल नाही तिथे बोरोस राहत नाही, मग ते झाड कुणासाठी राखतील? पोटच्या पोराशी अबोला धरलात या झाडापायी, आणि मी — लाज वाटते मला, मावशी.

कुठे निघालात? ती बाटली ठेवा. झाडावर सोडून काही उपयोग नाही, तो मेलाय. स्पिरिटमध्ये मीच घातला.

अशा बघू नका. शिव्या तरी द्या दोन.

हे — माझे बूट आणून ठेवलेत? बरं. घालतो, निघतो.