आधी हात, मग हंबरडा

सभेच्या अध्यक्षा, जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. गोंडवे बाई, मंचावरचे आमचे गावप्रमुख काउंगा, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते लॅमेक चावुला, आणि एवढ्या उन्हात आलेल्या लुवांडा फाट्याच्या आयांनो, बापांनो, लोनेस म्सोवोयाचा तुम्हा सर्वांना नमस्कार.

प्रमुखांनी मला बजावलंय, "लोनेस, तू पुस्तकं वाचतेस ते ठीक, पण इथे पुस्तक उघडू नकोस." नाही उघडत. थकले आहे मीही.

सहा वर्षांपूर्वी आपल्या फाट्यावर ती पांढरी गाडी आली. आत प्राणवायू, घशात घालायची नळी, छातीत कोंडलेली हवा काढायची जाड सुई. आणि ती सुई कुठे टोचायची हे जाणणारे गाडीवरचे आरोग्यसेवक चावुला. मोठं इस्पितळ म्झुझूला, दोन तासांवर. मोडलेल्या माणसाला दोन तास कोण देतं?

त्याच महिन्यात माझा नवरा पायसन सायकलीला सुक्या मासळीची पोती बांधून बाजाराला निघाला आणि ट्रकने त्याला उडवलं. तिथल्या दुकानदाराने फोन केला, गाडी निघाली. पण तिच्या आधी मी पोचले. रक्त पाहिलं आणि हंबरडा फोडला. आपल्यात बायकोने हंबरडा फोडल्यावर पुढे काय उरतं? पुरुषांनी टोप्या काढल्या, जमिनीवर बसले. कुणीतरी माझ्याच कमरेला गुंडाळलेलं चितेंजे सोडून त्याच्या तोंडावर ओढलं. दुकानदाराने गाडीच्या ड्रायव्हरला पुन्हा फोन लावला, "येऊ नका. बाई रडायला लागल्या." ड्रायव्हरने गाडी वळवली.

मागे बसलेल्या चावुलांनी फोन मागून घेतला. "नाडी कोणी पाहिली?"

"अहो, बायको रडतेय ना!"

"रडू दे. नाडी कोणी पाहिली?"

कोणीच नव्हती पाहिली. गाडी पुन्हा वळली. या फिराफिरीत अकरा मिनिटं गेली. चावुलांनी कापड काढलं, मानेवर बोटं ठेवली, सुई घातली. पायसनने श्वास घेतला, तो मी माझ्या कानांनी ऐकला. म्झुझूच्या वाटेवर तो गेला.

मी विचारलं, "अकरा मिनिटं आधी पोचला असतात तर?"

ते म्हणाले, "मला ठाऊक नाही, अमामा."

देवाची इच्छा होती, असं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. तसं म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी वर्षभर त्यांच्यावर रुसले होते. मग एक दिवस त्यांच्याकडून प्रशिक्षणाचं जुनं पुस्तक मागून आणलं. इंग्रजी होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन तीन पावसाळे वाचलं.

त्यानंतर आम्ही दोघं गावोगाव हिंडलो. सांगायचं एकच: आधी हात, मग हंबरडा. म्हाताऱ्या तुटून पडायच्या. "आता रडायलाही सरकारचा कागद लागणार का गं?" एक म्हणाली, "तुझा नवरा गेला, आता आमच्या गळ्यांवर का उठलीस?" खरंच होतं तिचं. मी तिच्याच हातची थोब्वाची पेज प्यायले आणि पुढच्या दारी गेले.

मागच्या साली मिनीबस उलटली. त्याच म्हातारीच्या सुनेने आपला मुलगा रस्त्यावर पाहिला. तिने चितेंजे दातांत धरलं, दोन बोटं त्याच्या मानेवर ठेवली आणि गाडी येईपर्यंत हूं की चूं केलं नाही. चितेंजे फाटलं. मुलगा तिसऱ्या रांगेत बसलाय. उभा राहू नकोस रे बाबा, दिसतोस तू.

गोंडवे बाई, तुमच्या कचेरीचं पत्र प्रमुखांनी मला वाचायला दिलं. चावुला निवृत्त झाल्यावर गाडी इथेच राहील, ड्रायव्हर राहील, त्यांच्या जागी माणूस "यथावकाश" मिळेल, असं त्यात आहे. हा शब्द मी शब्दकोशात पाहिला. तिथे दिवस दिलेला नाही.

आम्ही बायका हंबरडा दाबून धरायला शिकलो, बाई. सोपं नाही ते. पण गाडीचं दार उघडल्यावर आत सुई असेल आणि हात नसेल, तर आम्ही तो कोणासाठी दाबायचा?

चावुला, तुम्ही घरी जा, पाय पसरून बसा, मक्याला पाणी घाला. तुमचे आभार मानायला माझे शब्द पुरत नाहीत, आणि तुम्हाला शब्द आवडतही नाहीत.

पाहुण्यांसमोर माझं बोलणं वेडंवाकडं झालं असेल, तर पोटात घाला. त्या दिवशीचा हंबरडा मात्र पोटात घालू नका. तो मला लागतो, पुढच्या गावात सांगायला.