आठ पायांचा मणी आणि खिडकीजवळची जागा

मणीकार मंडळाच्या अध्यक्ष सिओरा कॉर्नेलिया, आशीर्वाद द्यायला मुद्दाम होडी करून आलेले फादर एलीजिओ, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती सिओर तुल्लिओ पेन्झो, त्यांचे पुतणे, आणि समोर बसलेल्या माझ्या मुरानोच्या मैत्रिणींनो! मागे उभ्या असलेल्या पुरुषांनाही नमस्कार. पुढे खुर्च्या आहेत, पण या बेटावरचे पुरुष दाराजवळच उभे राहतात, ते असू द्या.

मला पाच मिनिटं दिली आहेत. सिओर तुल्लिओंच्या हाताखाली मी, ओन्दीना बुझेत्तो, एक्केचाळीस वर्षं मणी केले, म्हणजे दर आठ वर्षांना एक मिनिट. हिशोब वाईट नाही.

आधी चांगलं बोलते. सिओर तुल्लिओंनी आम्हाला कधी शिवी दिली नाही. नाताळला प्रत्येकीच्या घरी मांसाची तंगडी पाठवली. माझ्या नवऱ्याला पक्षाघात झाला तेव्हा स्वतः होडी घेऊन आले. हे खोटं नाही, आणि पुढचंही खोटं नाही.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. जो दिवा सोडतो, म्हणजे मणी करायचं काम थांबवतो, तो सगळ्यांसमोर शेवटचा मणी करून मगच उठतो. हा बघा, दिवा आणलाय, काचेच्या कांड्या आणल्यात, मणी हळूहळू निवायला राखेचा डबासुद्धा गरम आहे. पण सिओर तुल्लिओंनी डोळ्यांत औषध घातलंय म्हणे, म्हणून शेवटचा मणी रद्द आणि माझं भाषण आधी. काय योग आहे बघा!

आणि ते टेबलावर लाल मखमलीखाली काय आहे? काचपेटी. तिच्यात आपला पहिला ऑक्टोपस, खाली पितळी पाटी. मजकूर मी दुपारीच वाचून आले, मला कोण अडवणार? ‘मुरानोच्या ऑक्टोपस मण्याचे जनक, तुल्लिओ पेन्झो.’ फादर, मखमल काढायच्या आधी माझं ऐकून घ्या. नंतर ऐकून काय उपयोग?

नीवेस आठवते ना? कशी विसराल! आम्ही सात जणी एका रांगेत बसायचो, सात ज्योती. मासे, समुद्रघोडे, खेकडे, सगळं व्हायचं. ऑक्टोपस मात्र होईना. एकेक पाय चिकटवेपर्यंत डोकं गार व्हायचं आणि राखेत ठेवलं की सकाळी तडा. नीवेस सात महिने खपली. बाजारात कोळिणीपुढे उभी राहून ऑक्टोपस न्याहाळायची. कोळीण ओरडायची, “अगं बाई, घ्यायचाय की लग्न करायचंय त्याच्याशी?” एके दिवशी तिला सुचलं. पाय बाहेर काढायचेच नाहीत. आधी आठही पाय मण्याभोवती गुंडाळायचे, अंगाला टेकलेले, म्हणजे तेही ऊब धरतात. डोकं सगळ्यात शेवटी. सकाळी राखेतून काढला तर अख्खा! आम्ही काम टाकून नाचलो. तिच्या गळ्यात पडून मी रडले होते. मी. हे ध्यानात ठेवा.

पंधरा दिवसांनी सिओर तुल्लिओंनी मला आत बोलावलं. नमुन्याची नोंदणी करायची होती, आणि साक्षीदार हवा होता: नमुना मालकांनीच केला, हे आपल्या डोळ्यांनी पाहिलेला.

“मी कुठे पाहिलं?” मी म्हटलं.

“अहो ओन्दीना, नीवेसच्या नावावर ठेवला तर उद्या ती दुसऱ्याकडे जाईल. मग सातही दिवे विझतील. माझ्या नावावर असला की सगळ्यांच्या चुली पेटत्या राहतील. आणि हो, ती खिडकीजवळची जागा रिकामी होतेय, तुम्हाला दम्याचा त्रास ना?”

जुलै महिना होता. सात ज्योती असलेल्या खोलीत पंखा लावता येत नाही, ज्योत हलते. खिडकीची वरची एक झडप तेवढी उघडी. तिच्याखालच्या जागेसाठी आम्ही बायकांनी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्याच बाकी ठेवल्या होत्या. मी सही केली. चुलीबिली सोडा, चुलींसाठी नाही केली. वाऱ्यासाठी केली.

नीवेस जाब विचारायला आत गेली, तर त्यांनी तिला माझ्या सहीचा कागद दाखवला. बाहेर आली, जागेवर बसली, दिवा पेटवला आणि मान वर न करता विचारलं, “खिडकीतून काय दिसतं गं, ओन्दीना?”

मी कांडी ज्योतीत धरली. पुढची एकोणीस वर्षं, काम सोडेपर्यंत, ती रोज सकाळी हेच विचारायची. हसत विचारायची, ते जास्त लागायचं.

आता कुणी म्हणेल, म्हातारी मत्सराने बडबडतेय, हिच्याकडे पुरावा काय? हातच्या काकणाला आरसा कशाला! मैत्रिणींनो, तुमच्यातल्या निम्म्या जणींच्या गळ्यात ऑक्टोपस आहे. काढा बाहेर. पाय कोणत्या बाजूला वळलेत बघा. आता तुमचा मासा बघा, त्याचे पट्टे कोणत्या बाजूला? उलट! या बेटावरचा प्रत्येक मणी एका बाजूला वळतो, ऑक्टोपस तेवढा दुसऱ्या. का? सिओर तुल्लिओ गिऱ्हाइकांना सांगायचे, समुद्रातले भोवरे तसेच फिरतात. कसले भोवरे आणि कसलं काय! नीवेस डावरी होती. शाळेत नन बायकांनी तिचा डावा हात बाकाला बांधला तरी डावरीच राहिली. ज्या लोखंडी काडीवर मणी गुंडाळतो ती आपण डाव्या हातात धरतो आणि काच उजव्या. ती उलट धरायची. आणि पहिला नमुना तिचा, म्हणून आम्हा सगळ्या उजव्या हातांच्या बायकांना चाळीस वर्षं काडी उलटी फिरवावी लागली. मनगटं कशाने गेली आपली? तिच्या हाताची नक्कल करून गेली.

सिओर तुल्लिओ, मघाशी तुम्ही पाहुण्यांच्या वहीत उजव्या हाताने सही केलीत. मी बघत होते. मासा तुम्ही बरा करायचात, तेवढं श्रेय तुमचं. पण ऑक्टोपसच्या बाबतीत आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काही नाही. उठू नका, सिओर तुल्लिओ, माझं झालंच आहे.

गेल्या मार्चमध्ये नीवेस इस्पितळात होती. मी गेले. चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बोलायचं ठरवून गेले होते. तिने मला बघितलं, खिडकीकडे बोट केलं आणि म्हणाली, “बघ, मला खिडकीजवळची खाट मिळाली. कुठे सहीसुद्धा करावी लागली नाही.” मी तिच्यासाठी नेलेली बिस्किटं उशाशी ठेवली आणि परत आले. तीन दिवसांनी ती गेली. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

तर अध्यक्षबाई, एकोणऐंशी सालच्या त्या कागदावरची साक्षीदार मी आहे. मी काहीही पाहिलं नव्हतं. ती सही मी इथे, सगळ्यांसमोर मागे घेते. पाटी काढा, किंवा मखमल तशीच राहू द्या.

मंडळाने बोलायची संधी दिली, तुम्ही शांतपणे ऐकलंत, फादरांनी तर जांभईसुद्धा दिली नाही, सगळ्यांचे आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, कुणाचा जेवणाचा घास कडू झाला असेल, तर पोटात घाला. सहीचं मात्र घालू नका. ते माफ करणारी आता नाही.

आयोजकांनी माझ्या वयाचा मान ठेवून मला खिडकीजवळची खुर्ची दिली आहे. दाराजवळच्यांपैकी कुणीतरी पुढे या आणि तिच्यावर बसा. मी उभीच राहते.