आपलीच भिंत कोरी

रस्त्यावरच्या भिंतींवर लोक गुपचूप चित्रं रंगवून जातात, त्यांचे फोटो काढत हिंडणं हेच त्या फोटोग्राफरचं काम. आज सकाळचे फोटो उरकून तो थेट दातांच्या दवाखान्यात येऊन बसला होता. शेजारच्या बाकावर एक सासू आणि तिची सून.

"समोरच्यांच्या भिंतीवर वाघ, कोपऱ्यावर मासे, आणि आपलीच भिंत कोरी! त्या चित्रवाल्याचं आपण काय घोडं मारलंय?"

"आई, हळू बोला."

"दोनदा चुना दिला. 'येथे जाहिराती लावू नयेत' तेसुद्धा पुसून टाकलं. आता काय पायघड्या घालू?"

"तुम्ही दिवसभर खिडकीत बसता. चोरून येणारा माणूस येईल कसा?"

"आणि तो कॅमेरेवाला! आजही आला होता. फोटो वाघाचा काढतो, पण टेकतो कुठं? आपल्या भिंतीला!"

"अहो, वाघ केवढा मोठा आहे. मागं सरकल्याशिवाय मावत नसेल."

"म्हणून आपल्या भिंतीकडे कायम पाठ? एकदा वळून तरी बघावं मेल्यानं!"

फोटोग्राफरनं वाकून कॅमेऱ्याची बॅग हळूच बाकाखाली सरकवली.

तेवढ्यात सासूचा नंबर पुकारला. ती उठली आणि जाता जाता त्याच्यापाशी थांबली.

"रविवारी आम्ही दिवसभर घरी नाही. शिडी मागच्या दाराशी ठेवते. सांग तुझ्या त्या चित्रवाल्याला."

"पण... तुम्ही मला ओळखलंत कसं?"

"आधी पाठ झटक. आख्खी भिंत घेऊन आलायस."