चुलीपाशीचे गिनीपिग

आरोग्यकेंद्राची नर्स येसेनिया डोक्यावरून शाल ओढून मिनीबसच्या पुढच्या बाकावर बसली होती. मागच्या बाकावर दोन बायका तिच्याच नावाने खडे फोडत होत्या, आणि तिचा थांबा यायला अजून बराच घाट बाकी होता.

"नर्स म्हणाली, एर्मेलिंदा, स्वयंपाकघरात खायला पाळलेले गिनीपिग बाहेर काढ, पिसवा आपोआप जातील."

"काढलेस?"

"त्याच दिवशी! अंगणात खोपटं बांधलं, वीसच्या वीस तिथे नेऊन ठेवले."

"मग गेल्या पिसवा?"

"त्या काय सामान बांधून मागोमाग निघणार होत्या, मावशी? राहिल्या घरातच, उपाशी. आमच्यावरच तुटून पडल्या! नवऱ्याच्या पोटऱ्या बघवत नाहीत. सासू म्हणते, शिकलेल्या बाईचं ऐकलंस ना, आता खाजव."

"निलगिरीचा पाला पसरायचास."

"पसरला. उकळतं पाणीही ओतलं. शेवटी गिनीपिग परत आणले चुलीपाशी. आठवड्यात घरचे सगळे गाढ झोपायला लागले."

"म्हणजे गेल्या एकदाच्या!"

"जातात कुठे? परत गिनीपिगांच्या अंगावर, आपापल्या जागी बसल्या."

"हे त्या नर्सला सांगायला हवं गं."

"तिच्याचकडे निघालेय."

येसेनिया शालीत आणखी आत शिरली. घाट संपता संपता मागून खांद्यावर हात पडला.

"नर्सबाई, तुमचा थांबा आला."

झाकलेली टोपली अलगद तिच्या मांडीवर आली. आत काहीतरी चीं चीं करत हललं.

"सगळ्यांत गुबगुबीत तुमच्यासाठी निवडलाय. अंगणात नका हं ठेवू, गारठेल बिचारा. चुलीपाशीच असू द्या."